चीची वा इमासेन

अर्धांगाचा झटका आला तेव्हा बाबांची जीभ गेलीच म्हणा ना. नंतर हळूहळू परत आली, पण मनात येईल तेव्हाच वळायची. तोंडाची डावी बाजू मात्र उतरली ती उतरलीच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, काहीही बोला, पण रोज मोठ्यानं बोला. आता हा माणूस जन्मभर शिलाईमशीनसमोर बसलेला, गिऱ्हाइकाशीसुद्धा मापापुरतं बोलणारा. त्यानं बोलायचं तरी काय? नेमकं त्याच सुमाराला त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, ठकूनं, जपानी भाषेचं वेड घेतलं आणि बापलेकीचं दोघांचंही फावलं.

ठकूला जपानमधल्या एका भाषाशाळेत जायचं होतं. तिथं राहून भाषा शिकायची, मग पुढचं शिक्षण, मग नोकरी. शाळा आधी कॉलवर मुलाखत घ्यायची, तीही जपानीतून. त्याची तयारी करून घेणार कोण? आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर, ती दिवसभर बाहेर. मग बाबाच झाले सेन्सेई, म्हणजे मास्तर. ठकूनं देवनागरीत लिहून दिलेले प्रश्न ते अडखळत, लाळ पुसत वाचायचे, आणि ती चुकली की मशीनच्या फळीवर कात्रीनं टकटक करायचे. मास्तर म्हणून ते भलतेच खाष्ट निघाले.

"आपल्या आईला हाहा म्हणायचं आणि बापाला चीची?" ते एकदा म्हणाले. "आईच्या वाट्याला हसू आणि माझ्या वाट्याला चिमणीची चिवचिव. हा कुठला न्याय?"

पण ती भाषा त्यांना आवडली होती. क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. इमासु म्हणजे आहेत, इमासेन म्हणजे नाहीत. वाक्य संपेपर्यंत माणूस आहे की नाही याचा पत्ता लागत नाही, असं म्हणून ते एका बाजूनं हसायचे.

मुलाखतीच्या आधी, परदेशी प्रवेश जुळवून देणाऱ्या सल्लागारानं ठकूला कानमंत्र दिला. घरी कोणी आजारी आहे हे चुकूनही बोलायचं नाही. शिक्षण अर्धवट टाकून घरी पळणारी मुलं त्या शाळेला नको असतात. वडील ठणठणीत आहेत, असंच सांगायचं. ठकूचा चेहरा पडला, पण बाबांनीच ते वाक्य तिच्याकडून घोटून घेतलं. चीची वा गेन्की देसु. "ठणठणीतच आहे की मी," ते म्हणाले. "एक बाजू तेवढी रजेवर आहे."

मुलाखतीच्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. कॅमेऱ्यात दिसणार नव्हते, तरी घातला. लॅपटॉप मशीनच्या टेबलावर, ठकू अलीकडे आणि ते पलीकडे, स्क्रीनच्या मागे. मुलाखत घेणाऱ्या बाई गोड होत्या. शिक्षण विचारलं, आवड विचारली, आई काय करते ते विचारलं. ठकू धडाधड उत्तरं देत होती. बाबा प्रत्येक उत्तरावर मान डोलवत होते, जणू परीक्षा त्यांचीच होती.

मग बाईंनी विचारलं, "ओतोसान वा?" आणि वडील?

"चीची वा..." ठकूनं सुरुवात केली आणि तिची नजर स्क्रीनवरून पलीकडे गेली. ओठाच्या कोपऱ्यावर रुमाल धरून बाबा पुढे झुकले होते. पुढचा शब्द त्यांच्या ओठांवर तयार होता, गेन्की, गेन्की. त्या तोंडाकडे बघून ठणठणीत कसं म्हणायचं? आणि बाई म्हणाल्या, बोलवा त्यांना, नमस्कार करू, तर? वाक्य तर अर्धं बाहेर पडलं होतं, त्याचा शेवट करणं भाग होतं.

"इमासेन," ती म्हणाली.

बाईंनी मान खाली घातली. हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या, सांत्वनाचं असावं. तेव्हाच सांगायचं होतं, तसं नाही हो, चुकले मी. ठकू पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसली. आणि खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या प्रश्नांना तिनं झकास उत्तरं दिली, बाई खूष झाल्या. बाबा शेवटपर्यंत मान डोलवत राहिले.

कॉल संपल्यावर तिला त्यांच्याकडे बघवेना. "बाबा, इमासेन म्हणजे नुसतं, इथं नाहीत, असंही होतं," ती म्हणाली.

"होतं की. आपल्यातही होतं. वडील नाहीत म्हणजे दुकानात गेले असतील." त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं. "बाकी छान झालं हो तुझं."

त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं. जिवंत बापाला समोर बसवून आपण पोचवून आलो, हे तिच्या डोक्यातून जाईना. आईला सांगायचं तर कुठल्या तोंडानं?

आठवडाभरात शाळेचा निरोप आला. पसंत आहात, आता मुख्याध्यापक एकदा बोलतील. सल्लागारानं फोनवर बजावलं, मागच्या वेळी जे सांगितलंस तेच सांग, शब्द फिरवलास तर खोटारडी ठरशील. ठकूनं ते बाबांना सांगितलं आणि म्हणाली, "मी जातच नाही."

"बस," बाबा म्हणाले. त्यांनी कात्री उचलली. "ओतोसान वा?"

"गेन्की देसु."

कात्री फळीवर वाजली. "चूक. परत."

"बाबा, नको ना."

"ओतोसान वा?"

"चीची वा..." तिचा आवाज चिरकला. "इमासेन."

"रडत म्हणालीस तर खोदून खोदून विचारतील. सहज म्हण. दुकानात गेलेत, असं मनात धर आणि म्हण."

ती म्हणाली. त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं, मग पुन्हा. हळूहळू आवाजातला कंप गेला, शब्द गुळगुळीत झाले, आणि एकदा तर ती इतकं स्वच्छ म्हणून गेली की तिचं तिलाच कसंतरी झालं.

तेवढ्यात दार उघडलं. आई कामावरून आली होती. पिशवी हातातच धरून ती दारात कौतुकानं ऐकत उभी राहिली.

"किती फाडफाड बोलायला लागली हो ही. काय म्हणाली आत्ता?"

ठकूनं मान खाली घातली.

"म्हणाली," बाबा सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "माझे बाबा घरीच असतात."