झाकणाच्या आत

विमानाच्या पोटाखाली रेडिएटरकडे हवा नेणारा पत्र्याचा बोगदा बाहेरून जेमतेम दीड हात लांब होता. आत मात्र रघुवीर आवटी दुपारपासून चालत होता.

हे विमान त्यानं आणि त्याच्या बायकोनं, मंदाकिनीनं, कवलापूरच्या माळावरच्या शेडमध्ये मिळून बांधलं होतं. त्याला जुन्या मोटारीचं इंजिन बसवलं होतं. उडवणार होती मंदाकिनी. विमान चालवायला तीच शिकली होती. पण इंजिनाला जरा जोर दिला की पाणी उकळायचं आणि विमान जमिनीवरच राहायचं. रेडिएटर मोठा केला, तरी तेच. हवा रेडिएटरमधून जाण्याऐवजी कडेच्या फटींतून निसटत होती. त्या आतूनच बुजवायला हव्या होत्या. रघुवीरनं बोगद्याचं कडेचं झाकण उघडलं आणि आधी हात, मग खांदे, मग सगळाच आत गेला. तो मावला याचं दोघांनाही नवल वाटलं नाही. मंदाकिनीनं इंजिन चालू केलं.

पहिल्या फटीत त्यानं रबराची पट्टी ठोकली.

"तापमानाचा काटा उतरला!" कॉकपिटमधून ती ओरडली.

दुसरी बुजवली, काटा आणखी उतरला. पण प्रत्येक फटीबरोबर बोगदाही आवळत गेला. रघुवीर वाकला, मग रांगू लागला, मग पोटावर आला. समोर रेडिएटरची जाळी होती. मागे वळायला जागा उरली नव्हती.

"मंदा, बंद कर. मला बाहेर यायचंय."

"अहो, आत्ता? इतकं गार कधीच राहिलं नव्हतं. एकच फट राहिलीय."

"कुठली?"

"तुम्ही शिरलात ते झाकण."

"ते लावलं तर मी बाहेर कसा येऊ?"

"उतरल्यावर काढीन ना मी," ती म्हणाली. तिच्या आवाजात विनवणी होती.

त्या आवाजापुढे रघुवीरचं कधीच काही चाललं नव्हतं. त्यानं पाय मागे ताणला, अंगठ्यानं झाकण चाचपलं आणि ओढून घेतलं.

वारा पाठीवर आदळला. पत्रा बरगड्यांना येऊन टेकला. पोटाखाली चाकं खडखडू लागली, जोरात, आणखी जोरात, आणि एकदम गप्प झाली.

जाळीतून त्याला माळ खाली जाताना दिसला. धावपट्टीच्या मधोमध मंदाकिनी उभी होती. काखेत हेल्मेट, उन्हासाठी डोळ्यांवर धरलेला हात. ती वर बघत होती.

"काटा हललासुद्धा नाही," कॉकपिटमधून मंदाकिनीचाच आवाज आला.