राणीला भरवणारी सिरिंज

मी एक जुनी, बिनसुईची सिरिंज आहे, मित्रांनो. माझ्या अंगावरचा तीनचा आकडा पुसून गेलाय आणि चारचा अर्धाच उरलाय. मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथून सर्दीच्या औषधाच्या खोक्यात बसून मी अंबरनाथ पश्चिमेला इराच्या घरी आले. तेव्हा ती दीड वर्षाची होती. औषध दिसलं की ती तोंड घट्ट मिटायची. पण मी गालाच्या कोपऱ्यातून अशी शिरायचे, की गिळून झाल्यावरच तिला कळायचं!

मग इरा मोठी झाली आणि मी ड्रॉवरमध्ये पडले. रबरबँड आणि संपलेले सेल यांच्या संगतीत मी दहा वर्षं काढली. वाटलं, संपलं आपलं. पण इरा आठवीत गेली आणि हॉलमध्ये समुद्र आला! म्हणजे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी हो, उल्हासनगरच्या दुकानातून. तिच्यात दगड, दोन नारिंगी मासे आणि हिरव्या बटणांसारखं दिसणारं प्रवाळ. त्या प्रत्येक बटणाला वेगळं भरवावं लागे. त्यासाठी बारीक चोच हवी. घरात अशी चोच कुणाची? माझी! रोज संध्याकाळी इरा मला हातात घ्यायची. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस होते.

एकदा नव्या दगडाला चिकटून एक तपकिरी फूल आलं. "आई, फुकटात फूल मिळालं!" म्हणून इरा नाचली. पण ते फूल नव्हतंच. तो ॲनिमोन होता. दिसायला फूल आणि डंख मारणारा प्राणी. त्याची केसरं लागली की हिरवी बटणं मिटायची, ती पुन्हा उघडायचीच नाहीत.

शिरगावहून इराचा आतेभाऊ यज्ञेश आला. "टेन्शन नको घेऊस, उपटून टाकतो ना!" म्हणत त्याने चिमटा घातला. ॲनिमोन फाटला, तुकडे पाण्यात पसरले आणि पंधरवड्यात तुकड्या-तुकड्यातून नवा ॲनिमोन उभा राहिला. एकाचे वीस!

"इरा, अर्धं प्रवाळ मेलं," आई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "उरलेलं मरताना मी बघणार नाही. रविवारपर्यंत हे साफ झालं नाही, तर टाकी दुकानात परत."

यज्ञेशला आपली चूक खुपत होती. तो पिशवीतून एक लाल पट्ट्यांची कोळंबी घेऊन आला. "दुकानवाले अंकल बोलले, ही ॲनिमोन खाते."

"आमच्याकडे कोळंबी आली की कढईत जाते," आई म्हणाली. "हिला पाळायची?"

इराने तिचं नाव ठेवलं राणी.

नाव! आल्या आल्या नाव! इतकी वर्षं मी या घरात आहे, पण मला कुणी नीट हाकही मारली नव्हती. 'ते दे गं, ते,' एवढंच. आणि ही कालची कोळंबी राणी? तिचा फोटो इराच्या डीपीला. तिने एवढासा ॲनिमोन कुरतडला की घरभर टाळ्या. माझा तर नुसता जळफळाट!

पण राणीसाहेब फक्त छोटे ॲनिमोन खायच्या. सात मोठे तसेच उरले. त्यांच्या बाजूने ती मिशा सावरत निघून जायची. बरं झालं, मी मनात म्हटलं. खरंच म्हटलं.

शनिवारी दुपारी इराने फोनवर वाचलं, की चुन्याची पेस्ट ॲनिमोनच्या तोंडावर सोडली की तो मरतो. "पण त्याची पावडर मागवली तर यायला चार दिवस लागतील," ती रडकुंडीला आली. तेवढ्यात शेजारच्या बनूबाई वाटी परत करायला आल्या.

"चुना? अगो पोरी, ह्यो काय!" त्यांनी कमरेच्या पिशवीतून डबी काढली. "पन तुजं मासं पान कवापास्नं खायला लागलं?"

आणि ड्रॉवर उघडला! चुना पसरू नये म्हणून इराने टाकीचा पंप बंद केला. माझ्या पोटात बनूबाईंचा चुना, माझी चोच ॲनिमोनच्या तोंडाशी. तिने नेम धरला, मी ताठ होते. थोडा, अगदी थोडा चुना. एक आक्रसला, दुसरा आक्रसला... सातही गारद!

"शाबास!" इरा ओरडली. मी फुशारले. तोच राणी दगडाआडून डोकावली आणि इरा काचेला नाक लावून म्हणाली, "शाबास राणी, जिंकलो आपण!"

राणी? तिने काय केलं? मी बेसिनच्या कडेला पडून राहिले, पोटात चुना तसाच.

रविवारी सकाळी इराची किंकाळी ऐकू आली. वाळूवर राणी आडवी पडलेली, लाल पट्ट्यांसकट.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला.

पण इरा हुंदके देत म्हणाली, "चुन्याने मेली ती. मीच मारली. त्या सिरिंजला मी परत हात लावणार नाही." पहिल्यांदा तिने माझं नाव घेतलं, ते असं! माझा आनंद जागच्या जागी जिरला. तिचं ते रडणं मला बघवेना.

यज्ञेश आला, त्याने चिमट्याने राणीला उचललं आणि हसत सुटला. "येडे, ही रिकामी आहे! कात टाकली तिने!" आणि दगडाआडून दोन मिशा हलल्या. आईने सातही जागा वाकून वाकून तपासल्या. "राहू दे टाकी," ती म्हणाली.

संध्याकाळी इराने मला उचललं, तर दट्ट्या हलेना. चुना आत दगडासारखा बसला होता.

"फेक ना, मेडिकलमधून नवी आण," यज्ञेश म्हणाला. नवी! माझ्या जागी!

"गप रे. सात ॲनिमोन हिने मारले, तुझ्या चिमट्याने नाही." इराने मला वाटीभर व्हिनेगरमध्ये बुडवलं. बुडबुडे आले, चुना सुटला. मग तिने मला तीनदा धुतलं आणि पहिला घास भरवायला नेलं. कुणाला माहितीये? राणीला! मी दट्ट्या आवळून धरायचा प्रयत्न केला, मित्रांनो. पण राणीने माझी चोच दोन्ही हातांनी इतक्या विश्वासाने धरली, की मी सोडला घास.

जळते मी अजून, थोडी. पण तुम्हाला एक विनवणी आहे. काम फत्ते झालं की टाळ्या ज्याला वाजवायच्या त्याला वाजवा, नाव ज्याचं ठेवायचं त्याचं ठेवा. फक्त त्याआधी दोन मिनिटं थांबा आणि ज्याच्याकडून काम करून घेतलंत, त्याला धुऊन ठेवा.