त्याच्या तोंडावर

"राहू दे तो वास! बेरिल, राहू दे म्हटलं ना!" कुंपणापलीकडून डॉट ओरडली.

बेरिल मागच्या दारात गुडघे टेकून पायरी घासत होती. हातातला ब्रश तिने थांबवला नाही. पहाटे तिच्या नवऱ्याने, नॉर्मनने, इथेच लघवी केली होती. दार उघडून, अंधारात ताठ उभं राहून, अगदी सभ्य माणसासारखी. मग पायजम्यावरच डेपोला निघाला होता. तो बस चालवायचा, तो डेपो बंद होऊनही आता किती वर्षं झाली. तिने त्याला फाटकापाशी गाठून घरात आणलं, तेव्हा दूधवाल्याने मान वळवली होती. त्या मान वळवण्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला होता.

"कौन्सिलची बाई येणार आणि माझ्या दारात मुताचा वास? त्यापेक्षा मेलेली बरी."

"मरशीलच! त्याशिवाय ते लोक हलत नाहीत." डॉटने कुंपणावर कोपरं टेकवली. "आमच्या आईच्या वेळी मी काय केलं? आठवडाभर घरात झाडू फिरवला नाही. चादरी तशाच ठेवल्या. ती बाई आली, तेव्हा तिच्यासमोर बसून हमसाहमशी रडले. खोटं नव्हतं हं ते, पण तिच्यासाठी राखून ठेवलं होतं."

"तुला जमतं बाई."

"जमवायचं असतं. तुझा खुबा बोलतोय, तो ऐक तरी."

खुबा बोलत नव्हता, बोंबलत होता. हाडावर हाड घासतंय, असं डॉक्टरने फोटोवर बोट ठेवून दाखवलं होतं. ऑपरेशन करायला ते तयार होते. पण त्यानंतर दीड महिना कुणाला उचलायचं नाही, कुणाच्या मागे धावायचं नाही. म्हणजे तेवढे दिवस नॉर्मनला कोण बघणार ते आधी सांगा, मगच तारीख. मुलगा ऑस्ट्रेलियात, पर्थला. फोनवर फार प्रेमळ. राहता राहिलं कौन्सिल, म्हणजे गावची नगरपालिका; अशांना घरी माणूस द्यायचं काम त्यांचंच. कौन्सिलने माणूस दिला तर ऑपरेशन, नाही दिला तर काही महिन्यांत बेरिलही खुर्चीत बसणार आणि मग दोघांना दोन वेगळ्या ठिकाणी नेऊन ठेवणार. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झालेली दोन माणसं.

गेल्या वर्षी एकदा चौकशी झाली होती. फोनवर. बेरिल दुकानात गेली होती आणि फोन उचलला नॉर्मनने. "आमचं बरं चाललंय, पोरी. बायको आहे ना घरात! तुम्ही कशाला त्रास घेता?" झालं. तिकडच्या पोरीने तेवढं ऐकलं आणि प्रकरण मिटवून टाकलं. डोकं गेलेल्या माणसाला विचारायचं, डोकं ठिकाणावर आहे का, आणि तो हो म्हणाला की फोन ठेवून द्यायचा! याला म्हणे चौकशी. त्या दिवशी बेरिलने किटली अशी आपटली होती, की तिचं झाकण अजून नीट बसत नाही.

या वेळी माणूस घरी येणार होता. नऊ ते एकच्या दरम्यान.

डॉटचं सगळं तिला पटत होतं. रात्री तिने ठरवलंही होतं, काही आवरायचं नाही. पण सकाळी हात ऐकेनात. ओल्या चादरी धुऊन, वाळवून, घडी घालून कपाटात गेल्या. गालिच्यावर मशीन फिरलं. बैठकीच्या कोपऱ्यात रात्रीसाठी शौचाची खुर्ची ठेवलेली असे. ती हलवणं काही तिला झेपेना, म्हणून तिच्यावर तिने आईची विणलेली चादर टाकली आणि वर फुलझाडाची कुंडी ठेवली. आता ते भलतंच शोभिवंत टेबल दिसायला लागलं. नॉर्मनची दाढी करताना त्याने दोनदा तिचा हात झिडकारला, एकदा शिवी दिली. तरी तिने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट चढवला, टाय बांधला. या माणसाला तिने कधी चुरगळलेल्या शर्टात बसवर पाठवलं नव्हतं. आज कौन्सिलसमोर बसवणार होय? स्वतः तिने लांब बाह्यांचं स्वेटर घातलं. बाहेर ऊन होतं तरी.

एक वाजून गेला. नॉर्मनने दहादा विचारलं, कोण येणार आहे? तिने दहादा सांगितलं. अकराव्या वेळी ती खेकसली, "राणी येणार आहे!" तो लगेच खुर्चीत सावरून बसला. तिला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला.

दोन वाजता बेल वाजली.

"सॉरी, आधीच्या घरी वेळ लागला. मी जेमा." पाठीवर सॅक, कपाळावर घाम, वय असेल तिशीच्या आतबाहेर. दुपारचं जेवलेलीही दिसत नव्हती. बेरिलने चांगले कप काढले.

आणि नॉर्मन उठला! दोन्ही हात टेकत, पण एकटा उठला. त्याने जेमाशी हात मिळवला. "या, या. लांबून आलात का? कुठल्या बसने?"

"कारने आले मी."

"मग उशीर होणारच," नॉर्मन म्हणाला. जेमा खळखळून हसली. तिने लॅपटॉप उघडला.

"कपडे तुमचे तुम्ही घालता, नॉर्मन?"

"मग काय, शेजारीण येऊन घालते?"

"अलीकडे कुठे पडला होतात का?"

"एकदा. प्रेमात. ही बघा, समोरच बसलीये."

पुन्हा हसणं. बेरिल बघतच राहिली. तीन वर्षं हा माणूस कुठे होता? सकाळी तिला 'चोरटे' म्हणणारा, आंघोळीला नेलं की किंचाळणारा तो कुठे गेला? आज नेमका, मेला, नवरदेवासारखा बसलाय. त्याला घट्ट मिठी मारावी आणि तिथेच एक थोबाडीत द्यावी, दोन्ही तिला एकदम वाटलं.

"रात्री झोप लागते?"

"लाकडासारखी."

जेमा टाइप करत होती. मग ती बेरिलकडे वळली. "आणि तुम्ही? तुमचं कसं चाललंय, बेरिल? खरं सांगा."

खरं सांगायला बेरिलने तोंड उघडलं. "चाललंय," ती म्हणाली. "तक्रार करण्यासारखं काही नाही. आणखी थोडा चहा?"

हे बोललं कोण? तीच. तिचीच जीभ. तिची आई असंच म्हणायची, आजी असंच म्हणायची. खाणीत स्वतःचा भाऊ गाडला गेला तेव्हाही दारात आलेल्याला आजीने आधी चहा विचारला होता.

"खरंच," जेमा लॅपटॉप मिटत म्हणाली, "तुम्ही दोघं किती छान सांभाळताय."

छान!

बेरिल उठली. खुब्यातून कळ थेट डोक्यात गेली. तिने कुंडी उचलून खाली जमिनीवर ठेवली आणि चादर खसकन ओढली.

"हे छान?" ती म्हणाली. "हे बघ. रोज रात्री झोपायला वर जायच्या आधी मी याला यावर बसवते आणि रोज रात्री तो उठून गालिच्यावर करतो. आज पहाटे दारात केलं. सकाळी तासभर मी ती पायरी घासत होते, तुला वास येऊ नये म्हणून. अक्कल बघ माझी!"

जेमा पटकन म्हणाली, "बेरिल, आपण आतल्या खोलीत बोलूया का?"

"नाही. गेल्या वर्षी तुम्ही यालाच विचारलंत ना फोनवर? याचंच खरं धरलंत ना? मग आता याच्या तोंडावरच ऐक." तिने स्वेटरची बाही वर केली. कोपरापर्यंत हात हिरवानिळा झाला होता. "हे रविवारचं. पँट बदलत होते मी. त्याला वाटलं, मी त्याचं पाकीट मारतेय. कपडे मी घालते. दाढी मी करते. मागून पुसते मी. आणि मला स्वतःला जिना चढता येत नाही. महिना झाला, मी खाली या सोफ्यावर झोपते आणि वर तो पडल्याचा आवाज येतोय का, ऐकत राहते. याला काय म्हणतात तुमच्या कॉम्प्युटरमध्ये?"

नॉर्मनच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तसंच राहिलं, फक्त त्यात काही उरलं नाही. त्याचा हात टायच्या गाठीवर गेला आणि तिथेच थांबला. बेरिलला ते दिसलं. दिसत असूनही ती बोलत राहिली, कारण आता थांबली तर पुन्हा वर्षभर कुणी विचारणार नव्हतं. आयुष्यभर झाकलेला माणूस तिने या पोरीसमोर पुरता उघडा केला, तेव्हा कुठे मिटलेला लॅपटॉप पुन्हा उघडला.

जेमाने सगळं लिहून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "ऑपरेशनच्या काळात त्यांची राहण्याची सोय, नंतर सकाळ-संध्याकाळ माणूस, अशी मी शिफारस करते. खूप जोर देऊन करते. पण मंजुरी वरची मंडळी देतात."

"कधी?"

"नक्की नाही सांगता येत. थोडं थांबावं लागेल."

"थांबण्यात माझा हात कुणी धरणार नाही," बेरिल म्हणाली.

दारात जेमा घुटमळली. "माफ करा. हे असं सगळं तुमच्याकडून वदवून घ्यावं लागतं."

"तुला काय? बोलावं मला लागतं." बेरिल म्हणाली. मग त्या पोरीचा पडलेला चेहरा बघून तिने दोन बिस्किटं कागदात गुंडाळून तिच्या हातात कोंबली आणि दार लावून घेतलं.

बैठकीत नॉर्मन तसाच बसला होता. बेरिल त्याच्याकडे न बघता कप गोळा करायला लागली. तिला माफी मागायची नव्हती. मागितली तर कुणाकडे मागणार होती?

"बेरिल."

"हं."

"ती बाई कोण होती गं?"

"कौन्सिलची."

"ती नव्हे. जी ओरडत होती ती. नवरा मारतो जिला."

बेरिलने हातातले कप खाली ठेवले.

"इथलीच आहे," ती म्हणाली.

"दारू पितो का तो?"

"नाही रे. आजारी आहे."

"आजारी असला म्हणून काय झालं? बाईवर हात टाकायचा?" नॉर्मनचा चेहरा लाल झाला. बसमध्ये कुणी पोरीची छेड काढली, की भर रस्त्यात बस थांबवून त्याला खाली उतरवणारा माणूस तो. "तो हात बघितलास तिचा? आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष नाही. लाज वाटायला पाहिजे लोकांना."

"वाटायला पाहिजे खरी."

"तिला म्हणावं, इकडे ये. वर पोराची खोली रिकामीच असते. चार दिवस राहू दे तिला. तू आहेस, मी आहे. सांभाळू आपण तिला."

बेरिल त्याच्यापुढे वाकली आणि त्याच्या काखेत हात घातले. संडासला न्यायची वेळ झाली होती. "पाय नीट टेक," ती म्हणाली. "हं, ऊठ आता."

त्याने तिच्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि उभा राहिला.

"आजच सांग तिला," तो तिच्या कानाशी म्हणाला. "नाहीतर राहून जाईल."