भिंगातून पास झालेला मॉनिटर

माझ्या वरच्या कडेवरचा कुंकवाचा टिळा पाहून हसू नका. तो योग्य जागी यायला तीन दिवस लागलेत. मी मॉनिटर, मुक्काम नाशिक रोड, रावजी नानांचं घर.

नाना छापखान्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी छापलेले कागद भिंगातून तपासले, त्यामुळे चूक सापडली नाही की त्यांना करमत नाही. त्यांची सून तेजस्विनी घरी बसून इमारतींचे नकाशे काढते. जुन्या पडद्याच्या लुकलुकीने तिचं डोकं इतकं दुखायचं, की ती काम सोडायला निघाली होती.

"काम कशाला सोडतेस? पडदा बदलू," म्हणत नाना भिंग घेऊन मनोजच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आले.

आम्ही नऊ जण ओळीत उभे होतो. नानांनी प्रत्येकाचा उजेड कमी करून समोर पेन्सिल भराभर हलवली. जिथे एका पेन्सिलीच्या तुटक आठ-दहा दिसल्या, तो पडदा लुकलुकणारा, म्हणून नापास. मनोज पार दमला.

"काका, सून बघतानाही एवढं तपासलं नसेल!"

"तिच्यासाठीच तपासतोय."

मी पेन्सिलीतही पास झालो आणि भिंगातूनही. माझ्या जोडीला चित्र न हलवणारं ग्राफिक्स कार्डही घेतलं.

घरी नानांनी आम्हाला पाटावर मांडलं आणि चष्मा काढून, डोळे मिटून हळदकुंकू वाहिलं. मग कार्ड संगणकात बसवून त्यातून माझ्यापर्यंत वायर जोडली, तर चित्र थरथरायला लागलं! दोन दिवस तेच. नानांनी मनोजला फोनवर फैलावर घेतलं. तेजस्विनीने राजीनामा लिहून ठेवला, तोही माझ्यावरच. मला फार वाईट वाटलं.

मला खोक्यात भरण्यासाठी तिने सगळं बंद करून वायर काढली आणि थबकली.

"नाना, भिंग द्या बरं. कार्डाच्या खाचेत कुंकू आहे."

नानांनी भिंग खाचेवर धरलं. "तीस वर्षांत असा डाग माझ्या नजरेतून सुटला नव्हता गं."

"तेव्हा डाग दुसऱ्यांचे होते, नाना."

मऊ ब्रशने खाच साफ झाली आणि वायर पुन्हा जोडताच चित्र स्थिर झालं. नानांनी मनोजची माफी मागितली आणि स्वतः चष्मा लावून मला हा टिळा लावला.

तुम्हीही पूजा जरूर करा. फक्त कुंकू कपाळाला लावा, आमच्या तोंडात घालू नका.

मग तेजस्विनीने राजीनामा उघडला आणि एकेक ओळ पुसून टाकली. तेवढा वेळ मी पापणीही लवू दिली नाही.