उखळातलं पाणी

आमचं घर पडलं नाही. पडलं असतं तर एकदाच रडून मोकळी झाले असते. डोंगर सरकला, ओसरी कलली, चुलीमागच्या भिंतीतून शेजारचं अक्रोडाचं झाड दिसायला लागलं, आणि मग सरकारी माणसं येऊन दारावर लाल फुली मारून गेली. निघताना माझ्या नवऱ्याने, कुंदनने, दाराला कुलूप घातलं. भिंतीतून म्हैस आत जाईल एवढी फट, आणि हा कुलूप ओढून बघतोय, नीट लागलं की नाही! हसावं की रडावं ते कळेना.

राहायला गेलो ते शेजारच्या सतेश्वरीदीदीच्या खालच्या खोलीत. पूर्वी तिथे तिच्या गाई बांधलेल्या असायच्या. भाडं तिनेच ठरवलं, नजर न मिळवता, आणि आम्हीही घासाघीस केली नाही. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून ती मला भिंतीवरून हाक मारायची, "ए भुली, मीठ दे गं!" भुली म्हणजे धाकटी बहीण. पण शेजारीण मालकीण झाली की हाकसुद्धा बदलते. आता ती म्हणायची, "अंगणात कुळीथ वाळत घातलेत, तुमची पोरं तुडवतील." एरवी तिच्याच ताटात जेवून मोठी झालेली पोरं, ती एका महिन्यात 'तुमची' झाली. मीही काही गरीब गाय नाही. पण भाडेकरणीने जीभ आवरायची असते, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

वैशाखात दीदीच्या कंचनचं लग्न निघालं. आमच्याकडे लग्न म्हटलं की अरसे आलेच. गुळाच्या पाकातले अरसे तळून टोपल्या भरायच्या आणि नवरीबरोबर सासरी पाठवायच्या. त्यासाठी भिजवलेले तांदूळ गावच्या बायका मिळून अंगणातल्या उखळात कांडतात. आमच्या डोंगरात उखळ म्हणजे अंगणाच्या फरशीत पक्का बसवलेला दगड, घर बांधतात तेव्हाच बसवलेला.

उखळ धुवायचं काम माझ्याकडे आलं. भाडेकरणीकडे येणारच. घागरीने पाणी ओतलं, हाताने घासलं आणि वाटी घेऊन उपसायला वाकले, तर उखळ रिकामं.

"दीदी, पाणी गेलं कुठं?"

सतेश्वरीदीदीने वाकून बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. "अगं, भूम्याळ प्यायला! गावाच्या देवाला तहान लागली, माझ्या पोरीच्या लग्नात!"

"नशीब काढलंस बाई," एक म्हातारी म्हणाली. दुसरीने लगेच लग्नाचं गाणं धरलं.

माझा हात मात्र वाटीसकट तसाच राहिला. हेच शब्द मी माझ्या अंगणात ऐकले होते, माझ्या सासूच्या तोंडून. आमच्या उखळानेही पाणी असंच गिळलं होतं. देवाला पोचलं म्हणून सासूबाईंनी हात जोडले आणि त्या दिवशी आम्ही घरात गोड केलं होतं. पुढचा पावसाळा संपायच्या आत घर गेलं.

कुणाचं लक्ष नाही असं बघून मी अजून एक लोटा ओतला. तोही गेला. उखळाच्या तळाशी केसासारखी एक रेघ होती.

संध्याकाळी कुंदनला सांगितलं. तो भाकरी मोडता मोडता थांबला.

"मूग गिळून बस. तू बोललीस की हिच्याही दारावर फुली. मग आपण कुठं जायचं, नदीत? आणि गाव काय म्हणेल? यांचं गेलं म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही."

त्याचं चुकीचं नव्हतं. पोरांना पुन्हा उचलून कुठे न्यायचं, हे मलाही सुचत नव्हतं. पण वर माडीवर कंचन मैत्रिणींबरोबर हसत होती. लग्नाच्या दिवशी अख्खी वरात त्या अंगणात नाचणार, अर्धं गाव त्या माडीवर चढणार. कोंबडं झाकून तांबडं फुटायचं थोडंच राहतं!

सकाळी मी दीदीला गाठलं आणि सरळ सांगून टाकलं. उखळाचं, माझ्या सासूचं, तळाच्या रेघेचं.

ती ऐकत राहिली आणि मग भडकली. "तुझं घर गेलं म्हणून आता माझ्या दगडालाही तडे दिसायला लागले का तुला? छप्पर दिलं त्याचे हे पांग फेडलेस?"

"छप्पर दिलंस म्हणूनच सांगतेय."

"लग्न होऊन जाऊ दे. मग खोली रिकामी कर."

"करते," मी म्हटलं. "पण लग्न खाली शाळेच्या मैदानात लाव. माझ्यावर एवढे उपकार कर, आणि मग खुशाल हाकल."

पाठ फिरवून ती आत गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दार उघडलं, तर ती अंगणात उखळाजवळ उकिडवी बसलेली. घागर रिकामी होती, बाजूची कळशी रिकामी होती, बादलीही. फरशी मात्र कोरडी ठाक. तिने माझ्याकडे बघितलं, पण मालकिणीसारखं नाही.

दुपारी तिने सगळ्यांना सांगितलं, अंगण लहान पडतंय, मांडव शाळेच्या मैदानात घाला. अरसे माझ्याच हाताने तळून घेतले, आणि तळताना वर बोलून दाखवलं, "जाळू नकोस, तुझ्या जिभेसारखे काळे होतील."

कंचन सुखाने सासरी गेली. आषाढात सतेश्वरीदीदीचं अंगण उखळापासून दुभंगलं आणि निम्मं अंगण खालच्या शेतात उतरलं. तेव्हा आम्ही सगळे आधीच शाळेत हललो होतो, म्हणून कुणाला खरचटलंही नाही. फुली मारायला तीच माणसं आली. तिने डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. उलट रंगवाल्याला म्हणाली, "सरळ तरी मार रे!"

नदीपलीकडच्या गावात एकाकडे दोन खोल्या होत्या. पण त्याला भाडेकरू एकच कुटुंब हवं होतं.

"एकच आहोत," दीदी म्हणाली. "ही माझी भुली."

सामान उतरवलं. पुरुष ट्रंका आत नेत होते. ती परक्या अंगणाच्या कडेला बोचकं धरून उभी होती, आत पाऊल टाकेना.

"मला हे जमायचं नाही गं," ती हळूच म्हणाली. "तुला ठाऊक आहे, तू केलंयस. दुसऱ्याच्या घरात सुरुवात कुठून करायची?"

मी लोटा भरून आणला आणि मालकाच्या उखळात ओतला. दोघी काठाशी बसलो.

"तहान लागली असेल तर नळ तिकडे आहे," मालकीण दारातून म्हणाली. आम्ही दोघींनी माना हलवल्या, पण उठलो नाही. ऊन भिंतीवरून खाली सरकलं. आतून पोरांनी भूक लागल्याच्या हाका मारल्या. पाणी होतं तेवढंच होतं.

दीदीने त्यात एक बोट बुडवून बघितलं. मग पदर तोंडात धरून ती रडली, हमसून हमसून, इतक्या दिवसांचं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले.