कुबडी कुठल्या हातात?

ऋषीने फोनवर पहिली पाच मिनिटं माझी इतकी स्तुती केली, की आता हा काहीतरी कापणार हे मला कळून चुकलं.

"भार्गवीताई, भाषा सुंदर. आणि ते पंखवाले रेडे! रेड्यांवर बसून फौज डोंगरावरून खाली झेपावते ते वाचताना माझा चहा गार झाला."

"पण?" मी विचारलं.

"पण अकरावं प्रकरण पटत नाही. लढाईचं."

ऋषी संभाजीनगरच्या एका प्रकाशनाचा संपादक. मी अंबडच्या कॉलेजात ग्रंथपाल. चार वर्षं खपून मी साडेतीनशे पानांची कादंबरी लिहिली होती. तिच्यात खडकदेवीचं राज्य आहे, उडणारे रेडे आहेत, आणि सेनापती उल्का आहे. उल्का डाव्या पायानं लंगडी आहे, माझ्यासारखीच. मी दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. तेव्हापासून पायाला कॅलिपर आणि काखेत कुबडी. आज मी छत्तीसची आहे. अकराव्या प्रकरणात उल्का एकटी घाट अडवते आणि शत्रूची तुकडी परतवते. सगळी कादंबरी त्या प्रकरणाकडे चालत येते.

"म्हणजे रेड्याला पंख फुटलेले तुम्हाला चालतात, आणि बाईच्या काखेत कुबडी चालत नाही?"

"तसं नाही हो. रेडा वाचक मान्य करतो. पण लढाई सुरू झाली की तो शंका काढतो, की ही बाई टिकेल कशी? आम्ही मीटिंगमध्ये दोन मार्ग काढलेत. एक तर जादूनं तिचा पाय बरा करा. नाहीतर तिला तंबूत ठेवा. तिथं बसून ती डावपेच आखेल, बाकीचे लढतील. सन्मानानं ठेवू."

"आणि दोन्ही नको असेल तर?"

"तर या वर्षीच्या यादीतून पुस्तक काढावं लागेल, ताई. पुढच्या रविवारी मी जालन्याला येतोय, तेव्हा बोलू."

मी फोन ठेवला आणि एकटीच खोलीत शिव्या दिल्या. मला चांगल्या शिव्या येतात. तंबूत ठेवा म्हणे! जन्मभर मी तंबूतच आहे. शाळेत पीटीच्या तासाला सगळ्या पोरी मैदानावर, आणि मी वर्गात चाळीस दप्तरांची राखणदार. लग्नात सगळे वरातीत, मी आहेराच्या पिशव्यांपाशी. "तू बस गं, आम्ही करतो." प्रेमानंच म्हणतात, म्हणून उलटून बोलताही येत नाही. निदान उल्काला तरी मी बाहेर काढलं होतं. तिला परत आत ढकलायला मी तयार नव्हते, मग पुस्तक निघो नाहीतर न निघो. खरं सांगायचं तर पुस्तक निघावं म्हणून जीव तुटत होता.

त्याच आठवड्यात अंकुशनगरजवळच्या आमच्या रानात ऊस तुटत होता. माझा धाकटा भाऊ भारत ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर अडकला होता, म्हणून मंगळवारी रजा टाकून ऊसतोड टोळीचा चहा घेऊन मी गेले. रिक्षा थेट बांधापर्यंत जाते. पिशवीत अकराव्या प्रकरणाची प्रिंट होती. लिंबाखालच्या मोठ्या दगडावर बसून मी ती शंभराव्यांदा वाचत होते आणि ऋषीला मनातल्या मनात उत्तरं देत होते.

टोळीत मंठ्याकडची एक जोडी होती, भुजंग आणि नंदाबाई. नंदाबाईचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. सात वर्षांपूर्वी ऊस भरलेल्या ट्रॉलीचं चाक पायावरून गेलं होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. अपघातानंतर मुकादमानं यांना अर्धा कोयता धरलं. पुढच्याच हंगामात त्याला पुन्हा पूर्ण धरावं लागलं, कारण ही बाई बसून ऊस तोडते. घडी घातलेलं पोतं बुडाखाली, एक हात जमिनीवर, दुसऱ्या हातात कोयता. सरकत सरकत पुढं जाते. वाकून तोडणाऱ्याचा खुंट चार बोटं वर राहतो. हिचा घाव मातीला लागून बसतो, आणि उसाच्या बुडातच साखर जास्त. कारखान्याला आणखी काय पाहिजे?

चहा घेताना तिनं माझ्या हातातल्या कागदांकडं बोट केलं.

"काय वाचून राह्यल्या ताई मघापासून? कोर्टाचं हाये का काही?"

"नाही मावशी. गोष्ट आहे, लढाईची. मीच लिहिलीय."

"मंग वाचा की मोठ्यानं. चहा हाये तवर ऐकतो."

मी वाचलं. माझं वाचन बरं आहे. रेडे आकाशातून आले तेव्हा भुजंगनं 'आरारा' केलं. उल्का घाटाच्या तोंडाशी उभी राहिली, तिनं तलवार उपसली, ढाल पुढं केली, गर्रकन वळून एकाचा वार झेलला, उडी मारून दुसऱ्याला लोळवलं. सगळे चहा विसरून ऐकत होते. नंदाबाईचं तोंड मात्र वाकडं झालेलं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "तलवार कोन्त्या हातात?"

"उजव्या."

"आन ढाल?"

"डाव्या."

"मंग कुबडी कुठल्या हातात हाये?"

मी हातातल्या पानावर कुबडी शोधू लागले.

"तिसरा हात आसल," भुजंग म्हणाला. "रेड्याला पंख हायेत, तर बाईला हात का नसावा!"

सगळी टोळी खो खो हसली. मी खाली मान घालून पानं उलटली. नऊ पानांची लढाई. कुबडी पहिल्या ओळीत होती आणि थेट शेवटच्या ओळीत. मधे ती कुठं गेली होती, देवाला ठाऊक. न्हाणीत जातानाही मी कुबडीवाचून पाऊल टाकत नाही, आणि माझ्याच सेनापतीची कुबडी मी नऊ पानं विसरले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

का विसरले, तेही मला लगेच कळलं. स्वप्नात मला कुबडी नसते. स्वप्नात मी पळते, गच्चीवरून उड्या मारते. उल्काला मी माझे स्वप्नातले पाय दिले होते आणि वर नुसती लंगडी अशी चिठ्ठी चिकटवली होती. मला लाज वाटली. पायाची नाही, पायाची लाज कधीच जिरली. खोटं लिहिल्याची वाटली. आणि सगळ्यात जास्त झोंबलं ते हे, की ऋषी बरोबर होता. प्रकरण पटत नव्हतंच. फक्त त्यानं चुकीच्या जागी बोट ठेवलं होतं.

"मावशी, मग ती लढूच शकत नाही का?" माझा आवाज जरा रडका आला असावा.

"कोन म्हणलं? लढल की! पर तिला उभी कशाला करून राह्यल्या तुमी? उभ्या मान्साला पाडता येतं. बसलेल्याला कुठं पाडता?" तिनं कोयता लांब ठेवला आणि उसाचं एक कांडं घेतलं. "ये वो, पाड मला," ती नवऱ्याला म्हणाली.

"बिलकुल न्हाई," भुजंग मागं सरकला. "मागल्या साली चेष्टेत पाडायला गेल्तो. आठ दिवस कंबर धरून बसलो."

"बगा ताई. समोरचा वाकल्याबिगर मला हात लावू शकत न्हाई. आन वाकला, की त्याचं डोस्कं आलं माझ्या हाताजवळ. त्याचे पाय तर आधीपासूनच माझ्याजवळ हायेत. जागा मातर आपुन निवडायची. सरीत बसायचं, दोन्ही अंगाला वरंबा. मंग येईना का कुनी!" मग तिनं माझा डावा दंड दाबून पाहिला. "हा हात बगा. तीस साल कुबडी रेटून लोखंड झालाय. ह्यो हात तुमच्या गोष्टीत कुठंच न्हाई."

त्या रात्री मला गाढ झोप लागली. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजमधून आले की मी लिहायला बसायची, तेही जमिनीवर, कुबडी शेजारी घेऊन. कुबडी उलटी धरली तर काखेतली आडवी दांडी आकड्यासारखी चालते, हे मला छत्तिसाव्या वर्षी कळलं. स्टुलाचा पाय धरून ओढला, स्टूल आडवं. खुर्ची ओढली, खुर्ची आडवी. खालच्या मजल्यावरच्या उषाबाई वर येऊन विचारून गेल्या, की सामान हलवताय का? मी म्हटलं, हो, फार दिवसांचं हलवायचं होतं.

नव्या प्रकरणात उल्का आदल्या दिवशी घाट रांगत फिरते आणि जागा शोधते. शत्रूचे रेडे उतरू शकणार नाहीत इतकी अरुंद खिंड, पुरुषभर गवत, दोन्हीकडं खडक. ढाल ती घेतच नाही. शत्रू तिला उभ्या माणसाच्या उंचीवर शोधतो आणि ती गुडघ्याच्या उंचीवर असते. ती दमते, तिचा तळहात सोलवटतो, एकदा ती चुकते आणि खांद्यावर वार खाते. शनिवारी प्रकरण संपलं तेव्हा मी आरशात बघून स्वतःलाच सलाम ठोकला.

रविवारी ऋषीला मी घराचा नाही, रानाचा पत्ता पाठवला. तो आला. सहा फूट उंच, जिममध्ये कमावलेलं अंग, पांढरेशुभ्र बूट. लिंबाखाली बसून त्यानं सगळं प्रकरण वाचलं. टोळी ऊस तोडत तोडत इकडंच बघत होती.

"चांगलं झालंय," तो म्हणाला. "पहिल्यापेक्षा खूपच. पण ताई, मीटिंगमध्ये मला विचारणारच. धडधाकट माणूस समोर आला तर प्रत्यक्षात असं होईल का?"

"उसाचं एक कांडं घ्या. मला पाडून दाखवा."

"काहीतरीच काय! तुम्हाला लागेल."

तुम्हाला लागेल! हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पण खाली बसायची वेळ आली तेव्हा मी आधी कोण कोण बघतंय ते पाहिलं. परक्या माणसांसमोर मी कधी जमिनीवर बसलेली नाही. बसणं आणि उठणं, दोन्ही दिसायला वाईट दिसतं, म्हणून मी कार्यक्रमात तासन् तास उभी राहते. त्या दिवशी दहा-बारा माणसांच्या देखत मी भिंत धरल्यासारखी लिंबाला धरून खाली आले, कॅलिपरचा पाय हातानं सरळ केला, सरकत तोडलेल्या सरीत गेले आणि कुबडी उलटी धरली. कोयते थांबले.

ऋषी हसत हसत आला. कांडं लांबूनच पुढं करून त्यानं माझ्या खांद्याला टेकवलं. "बघा, लागलं."

माझं तोंड उतरलं. तेवढ्यात नंदाबाई ओरडली, "ताई, त्याच्या तोंडाकडं काय बघून राह्यल्या? पायाकडं बगा!"

"पुन्हा," मी म्हणाले.

या वेळी मी फक्त पांढरे बूट पाहिले. उजवा बूट पुढं आला, टाच उचलली गेली, म्हणजे आता हा वाकणार. कांडं खाली आलं ते मी उजव्या हातानं बाजूला सारलं, डाव्या हातानं दांडी त्याच्या टाचेमागं अडकवली आणि तीस वर्षांच्या सगळ्या जोरानं ओढली. सहा फुटांचा माणूस उसाच्या वाळल्या पाचटात उताणा झाला! टोळीनं असा गलका केला, की पलीकडच्या रानातली माणसं बांधावर आली.

त्याचे कान लाल झाले. "माझी तयारी नव्हती," तो म्हणाला. आता तो खरंच आला, तोही मागून. पण त्याला वळसा घालून यायचं होतं आणि मला जागेवरच फिरायचं होतं. तळहातावर भार टाकून मी फिरले. तो पोचला तेव्हा मी समोरच होते. पुन्हा टाच, पुन्हा पाचट. तिसऱ्यांदा तो स्वतःच पाय वाचवायला मागं सरला, वरंब्यात अडखळला आणि धप्पकन बसला. भुजंगनं शिट्टी मारली. मी इतकी मोठ्यानं हसत होते, की माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"अजून एकदा?" मी विचारलं.

"नको, नको," ऋषी धापा टाकत आडवाच झाला. मग त्यानं खिशातून फोन काढला आणि तसाच पडल्या पडल्या लावला.

"हां, मी बोलतोय. अकरावं प्रकरण राहतंय. हो, ती लढणार. नाही, पाय बरा करायचा नाही. पटण्यासारखं आहे का म्हणजे?" त्यानं डोक्यातलं पाचट झटकलं. "अहो, मी आत्ता तिच्याचमुळे पडलोय इथं!"

नंदाबाईनं कोयता उचलला आणि पुढच्या बुडाला हात घातला. बघ्यांची गर्दी हळूहळू पांगली. ऋषी उठला, कपडे झटकले आणि मला उठवायला त्यानं हात पुढं केला.

"राहू द्या," मी म्हटलं. "मी बसते अजून थोडा वेळ."