मी हलले नाही: बागेतल्या तरसाची हकिगत

मित्रांनो, मी तरस आहे. आमच्या शहरातल्या प्राण्यांच्या बागेतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कुरूप जनावर. हे मी लाजून सांगत नाही. माझे पुढचे पाय उंच आणि मागचे आखूड आहेत, म्हणून चालताना मी घसरल्यासारखी दिसते. पाठीवर राठ आयाळ आहे आणि अंगावर मळकट पट्टे. लोक म्हणतात, तरस भित्रं असतं. माझी ओळख असलेलं एकही माणूस आता तसं म्हणत नाही. का, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

नांदूरघाटापलीकडच्या उघड्या डोंगरात, एका कपारीत माझा जन्म झाला. शेळ्या राखणाऱ्यांनी कपारीत धूर केला. आई निसटली, मी सापडले. एका पोत्यात घालून मला आठवडी बाजारात आणलं, तेव्हा माझे डोळे नुकते कुठे उघडले होते. त्याच साली आमच्या शहरात सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता. कारखान्याचे चेअरमन सुंदरराव तेव्हा तरुण होते. मोठे बागायतदार, बोलायला उमदे. ते म्हणाले, "पुण्या-मुंबईच्या लेकरांनीच जनावरं बघायची का? आमच्या लेकरांनी कावून न्हाई?" प्रत्येक सभासदाच्या उसाच्या बिलातून थोडी कपात ठरली. मुक्ताबाई नावाच्या एका सभासद बाईंच्या यजमानांनी वेशीजवळची जमीन दिली. तिथे कडुलिंबाची झाडं होती आणि एक विहीर होती. अशी आमची बाग झाली, आणि त्या बागेतला पहिला पिंजरा माझा होता.

पहिली दोन-तीन वर्षं मी बागेची राणी होते म्हणा ना! माजलगावाहून, अंबाजोगाईहून लोक गाड्या जुंपून यायचे. बाया पदर तोंडाला लावून माझ्याकडे बघायच्या. मग हरणं आली, मोर आले, माकडं आली. शेवटी एक देखणा बिबट्या आला आणि माझं राज्य संपलं. दाराजवळचा माझा पिंजरा बिबट्याला मिळाला. मला मागच्या कोपऱ्यात नेलं. तिथे फिरकायचं ते फक्त वाट चुकलेलं माणूस. माझ्या पिंजऱ्याच्या गजांना पुढे कोणी रंग दिला नाही.

एक माणूस मात्र रोज यायचा. त्याचं नाव बंकट. बागेतला पहिला राखणदार. तो तापाने गेला, तेव्हा त्याच्या जागी त्याची बायको सारजाबाई आली. तरुणपणी ती दरसाल ऊस तोडायला जायची. तिच्या हातांवर कोयत्याचे जुने वण आहेत. पहिल्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "म्हातारे, तू दिसायला लई वंगाळ हायस. मीबी काय देखणी न्हाई. आपलं जमंल."

आणि जमलं. ती खाटकाकडून हाडं आणायची. जी हाडं कुत्रीसुद्धा सोडून देतात, ती मी कडाकडा फोडून खाते. माझ्यावर बागेचा खर्च तो काय! थोडी हाडं आणि बादलीभर पाणी.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आधीचं सालही कोरडंच गेलं होतं. उभा ऊस वाळून गेला. लोकांनी तो जनावरांपुढे टाकला, आणि मग जनावरंही विकली. कारखान्याची चिमणी थंड पडली. उसाचं बिलच नाही, तर बागेची कपात कुठली? शहरातले लोक खडी फोडायला सरकारी कामावर जाऊ लागले. आमच्या विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं की पोहऱ्यात पाण्यापेक्षा गाळच जास्त यायचा.

बागेचे व्यवस्थापक होते आसाराम. माणूस वाईट नव्हता, पण वरून हुकूम आला की त्यांची मान आपोआप हलायची. आधी हरणांचा चारा निम्मा झाला. मग माकडांचे शेंगदाणे बंद झाले. मग सारजाबाईचा पगार थांबला. पाणी एकदाच मिळू लागलं, तेही सकाळी. उन्हाच्या एका दुपारी हरणाचं एक पाडस कोरड्या हौदात तोंड घालून पडलं, ते उठलंच नाही. सारजाबाई त्याच्याजवळ बसून राहिली. तिने आरडाओरडा केला नाही, फक्त पदराने त्याच्या अंगावरच्या माश्या वारत राहिली.

त्याच आठवड्यात दारापुढे विटा येऊन पडल्या. वाळू आली, गवंडी आले. मंत्री येणार होते. चेअरमनसाहेबांनी ठरवलं होतं की बागेला मोठी कमान बांधायची आणि मधल्या गोलात कारंजं उडवायचं. मित्रांनो, सुंदरराव काही दुष्ट नव्हते. त्यांचा हिशेब वेगळा होता. मंत्री खूश झाले तर कारखान्याला मदत मिळेल, कारखाना वाचला तर सगळा भाग वाचेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण बागेच्या पेटीत उरलेला पैसा कमानीला घातला की जनावरांना काही उरत नव्हतं. मग त्यांनी जनावरंच कमी करायचं ठरवलं.

त्यात पहिलं नाव माझं निघालं.

"तरस बघायला कोण येतंय?" ते आसारामांना म्हणाले. "डोंगरातलं हाय, डोंगरात सोडून द्या. त्याचंबी भलं होईल."

बैलगाडीवर लाकडी पिंजरा आला. त्याचं तोंड माझ्या दाराला लावलं. आत ताज्या मटणाचा तुकडा ठेवला. असं मटण मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं. वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मी दारापर्यंत गेले, हुंगलं, आणि परत येऊन भिंतीला पाठ लावून बसले.

तुम्ही म्हणाल, वेडी आहेस का? मोकळा डोंगर सोडून पिंजऱ्यात का बसलीस? तर ऐका. माझे दात झिजले होते. डोंगरात ना पाणी होतं, ना शिकार. आयुष्यभर मला यांनी कोंडलं आणि म्हातारपणी खायला घालायची वेळ आली तेव्हा यांना माझी मोकळीक आठवली! ती मोकळीक नव्हती. उपाशी मरायला दुसरीकडे पाठवणं होतं. मरायचंच असलं तर मी यांच्या डोळ्यांसमोर मरेन, असं मी मनाशी ठरवलं.

मटण सुकलं. दुसरं ठेवलं. माझी हाडं बंद केली, म्हणजे भुकेने मी आत जाईन. मी गेले नाही. आसारामांनी गजांतून बांबूने ढोसलं. मी तो बांबू दातात धरला आणि झिजल्या दातांनी त्याच्या चिरफळ्या केल्या. गाडीवान म्हणाला, "साहेब, हे काय हलत न्हाई बघा."

सारजाबाई गजांजवळ आली. तिने इकडेतिकडे बघितलं नाही की आवाज खाली केला नाही. आसारामांच्या समोरच तिने आपल्या डब्यातली अर्धी भाकरी माझ्याकडे टाकली.

"ह्याला परवानगी न्हाई, सारजाबाई," आसाराम म्हणाले.

"भाकर माझी हाय," ती म्हणाली. "माझ्या भाकरीला तुमची परवानगी कशाला लागतीय?"

भाकरी मी खात नाही. त्या दिवशी खाल्ली.

कारखान्याची वार्षिक सभा दरसाल बागेतल्या लिंबांखाली भरायची. त्या वर्षीही भरली. माझ्या पिंजऱ्यापुढच्या पटांगणात सतरंज्या पडल्या. सुंदररावांनी कमानीचं चित्र सगळ्यांना दाखवलं. मंत्र्यांच्या मदतीचं बोलले. माना हलल्या. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तेवढ्यात मागून सारजाबाई उठली.

"मला बोलायचं हाय."

"सारजाबाई, खाली बस," सुंदरराव म्हणाले. "नोकरांनी सभेत बोलायचं नसतं."

"मी नोकर म्हणून बोलत न्हाई, साहेब. माझ्या घरधन्याचा एक शेअर होता. तो आता माझ्या नावावर हाय. मी सभासद हाय."

सगळ्या माना मागे वळल्या. पुढच्या रांगेतला एक बागायतदार हसला, पण त्याच्याबरोबर कोणी हसलं नाही.

"बोल मग," सुंदरराव म्हणाले.

"ही जनावरं इथं आपल्या पायानं आली न्हाईत. आपण आणली. पाणी मागायला त्यांना दुसरं दार न्हाई. तुमाला मला तान लागली तर आमी गाव सोडून जाऊ. ती कुटं जातील? म्हणून आधी पाणी. मग चारा. मग दवापाणी. आणि मग आमचा पगार. तोबी धरा त्यात, मी सोडायची न्हाई. उपाशी माणसानं जनावर कसं राखायचं? ह्यातून काही उरलं तर बांधा कमान, मी स्वतः विटा उचलीन."

"आणि बिबट्या?" सुंदररावांनी विचारलं. "त्याला रोज मांस लागतं. ते कुठून आणणार?"

सारजाबाईचा आवाज इथे पहिल्यांदा अडखळला. तिने त्या बिबट्याला आजारपणातून वाचवलं होतं. "त्याला आपण पोसू शकत न्हाई," ती म्हणाली. "त्याला मोठ्या शहराच्या बागेत धाडा. तिथं त्याचं पोट भरंल."

"बिबट्या गेल्यावर बागेत बघायला राहिलं काय? हे तरस?"

"व्हय," सारजाबाई म्हणाली. "तरस. बगायचं त्यानी बगावं, न्हाई त्यानी घरी बसावं."

सुंदररावांचा चेहरा लाल झाला. "मंत्री नाराज झाले तर कारखाना बुडंल. त्याचं पाप कुणाच्या माथी?"

तेव्हा मुक्ताबाई काठी टेकत उठल्या. नात्याने त्या सुंदररावांच्या काकू लागत. त्या म्हणाल्या, "सुंदर, तुज्या काकानी जमीन दिली ती जनावरांसाठी, कमानीसाठी न्हाई. मेलेल्या हरणापुढं कारंजं उडवून मंत्र्याला काय दाखवणार हायस? हात वर घ्या रे, ज्यांना सारजाचं पटतंय त्यांनी."

पुढच्या रांगेतले हात मांडीवरच राहिले. मागून मात्र वर येऊ लागले. खडी फोडून फुटलेले, फडकी गुंडाळलेले हात. आसाराम कडेला उभे होते; एक शेअर त्यांचाही होता. त्यांनी सुंदररावांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि त्यांचाही हात वर गेला. सुंदररावांनी सगळीकडे नजर फिरवली. हा कारखाना त्यांनीच सहकारी केला होता. मोठ्याच्या आणि लहानाच्या हाताला सारखीच किंमत, हे गावोगाव सांगत तेच फिरले होते. त्यांनी कमानीच्या चित्राची गुंडाळी केली. मग म्हणाले, "ठराव मंजूर."

बैलगाडीवरचा पिंजरा माझ्या दारावरून निघाला. संध्याकाळी कमानीच्या पैशातून टँकरने पाणी आलं. आधी हरणांना, मग माकडांना, मोरांना, मग मला. मी बादलीत नाकापर्यंत तोंड बुडवून प्याले.

आता सगळं गोड झालं, असं समजू नका. बिबट्या गेला तेव्हा सारजाबाई गाडीमागे वेशीपर्यंत चालत गेली आणि परत येऊन दिवसभर त्याचा रिकामा पिंजरा झाडत राहिली. मंत्री आले. ना कमान, ना कारंजं. ते उन्हात उभे राहिले, कपाळाला आठ्या घातल्या आणि चहा न घेता गेले. कारखान्याची मदत लांबली. पुढच्या हंगामातही चिमणी पेटली नाही. शहरातल्या कित्येकांनी सारजाबाईला बोल लावले. बाजारात एक बाई तिच्या तोंडावर म्हणाली, "तुज्या तरसापायी आमची चूल इझली." ही गोष्ट तिने मला हाडं टाकताना सांगितली. तिचे डोळे भरले होते. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "असंल तसं. पर त्या दिवशी मी गप बसले असते, तर आज तुज्याकडं कोणत्या तोंडानं बघितलं असतं?"

पुढे दिवस पालटले. विहिरीला पाणी चढलं, कारखाना सुरू झाला, कपातही पुन्हा सुरू झाली. या साली सभेत सुंदररावांनी बागेत नवीन झोपाळे बसवायचा विषय काढला. तेव्हा सारजाबाई काही बोलायच्या आतच मागच्या रांगेतून एका अनोळखी शेतकऱ्याने विचारलं, "चेअरमनसाहेब, जनावरांचं वर्षाचं पाणी-चारा बाजूला काढला का आधी?"

सुंदररावांनी हिशेबाची वही पुढे केली. "काढलाय," ते म्हणाले. "आता बोला झोपाळ्याचं."

मित्रांनो, तुम्ही बागेत याल तेव्हा माझी कीव करू नका. मला कीव नको आहे. मला गोंजारू नका, माझ्याकडे शेंगदाणे फेकू नका. फक्त एक करा. पैसा थोडा असेल आणि मोठी माणसं चित्रं दाखवत असतील, तेव्हा उभं राहून विचारा की ज्यांची दारं बाहेरून बंद आहेत, त्यांचं आधी झालं का? लोक हसतील. हसू द्या. खाली बस म्हणतील. बसू नका. आणि तुम्हाला ढोसायला कोणी बांबू आणलाच, तर दात कितीही झिजलेले असोत, तो घट्ट धरा.